गोल्फचा बॅकस्विंग सुधारायचा असेल तर आधी तो डोळ्यांसमोर आणा

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपुढे गेला की सकाळी नऊनंतर मैदानात उभं राहवत नाही. नवतप्यात तर विचारूच नका. पण बॅकस्विंग, म्हणजे चेंडू मारण्याआधी क्लब (गोल्फची काठी) मागे-वर नेण्याची हालचाल, बिघडला असेल, तर त्याची दुरुस्ती कूलरच्या खोलीतच सुरू करावी, असं माझं ठाम मत आहे. समोर चेंडू असला की सगळं लक्ष तो मारण्याकडे लागतं आणि हात मागे कसे गेले, हे कळतच नाही.

दुसरी अडचण सूचनांची. डावा हात सरळ, डोकं स्थिर, खांदे ९० अंश, कंबर ४५ अंश... जेमतेम सेकंदभरात एवढं आठवायला गेलं तर अंग आखडणारच. एकच चित्र मनात धरलं तर शरीराला ते लवकर उमगतं. (पुढचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी; डावखुऱ्यांनी बाजू उलट धरावी.)

आधी दोष ओळखा. कुणाला तरी मोबाइलवर तुमचा स्विंग एकदा समोरून आणि एकदा मागून, लक्ष्याच्या रेषेत उभं राहून टिपायला सांगा. समोरून पाहताना कंबर उजवीकडे सरकतेय का, ते बघा. मागून पाहताना क्लब सुरुवातीलाच पाठीमागे ओढला जातोय का, ते बघा. हे दोन दोष सर्रास आढळतात. आपला कोणता, तेवढाच आधी हाताळा.

कंबर सरकत असेल तर दाराच्या चौकटीशी उभे राहा. उजवा कुल्हा चौकटीपासून दोन बोटं लांब, हातांची छातीवर घडी, कमरेतून किंचित पुढे झुकलेले. आता वळा. कुल्हा चौकटीला टेकला तर तुम्ही सरकलात. बरोबर वळलात तर तो मागच्या बाजूला जातो, डावा खांदा हनुवटीखाली येतो आणि भार उजव्या पावलाच्या आतल्या कडेवर जाणवतो. दार बिजागरीवर फिरतं, जागचं हलत नाही; तसंच कुल्ह्याचं. हे अंगात भिनलं की खोलीच्या मध्ये या, डोळे मिटा, चौकट तिथेच आहे असं समजून वळा.

क्लब आत ओढला जात असेल तर फरशीचा सांधा कामाला येतो. दोन्ही पायांची बोटं एका सांध्याला लावा. वर पंखा असतो, म्हणून क्लबऐवजी छत्री धरा. छाती, हात आणि छत्री एकत्र वळवत छत्री जमिनीला समांतर होईपर्यंत न्या आणि थांबा. छत्री साधारण सांध्याच्या वर, त्याच रेषेत दिसायला हवी. पाठीमागे वळलेली दिसली तर मनगटांनी घाई केली. त्यापुढच्या टप्प्यासाठी अमेरिकी गोल्फपटू बेन होगनने १९५७ साली मांडलेली कल्पना आजही उपयोगी आहे: चेंडूपासून निघून खांद्यांवर टेकलेली एक तिरकी काच. हात वर जाताना त्या काचेखालीच राहिले पाहिजेत.

चित्र पाहताना सोफ्यावर बसू नका. पायांत बूट, हातांत पकड, पवित्रा घेतलेला. स्वतःच्या डोळ्यांतून पाहा आणि डाव्या पाठीतला ताणही अनुभवा. वेग खऱ्या स्विंगइतकाच ठेवा. कसलेल्या खेळाडूंना बॅकस्विंगला डाउनस्विंगच्या, म्हणजे क्लब वरून चेंडूपर्यंत आणण्याच्या, साधारण तिप्पट वेळ लागतो; म्हणून मनात ‘एक-दोन-तीन’ म्हणत वर न्या, ‘चार’ला चेंडू. चित्र धूसर व्हायला लागलं की त्या दिवशी थांबा. थकल्या मनाने केलेला सराव चुकीचंच घोटवतो.

मग पहाटे मैदानावर एक स्विंग मनात आणि एक प्रत्यक्ष, असा क्रम ठेवा. अमेरिकेचा नामवंत गोल्फपटू जॅक निक्लॉस आधी चेंडू जिथे थांबायला हवा ती जागा पाहायचा, मग त्याचा हवेतला मार्ग आणि शेवटी तो फटका देणारा स्वतःचा स्विंग. हाच क्रम घ्या. एक-दोन फटके वाया गेले म्हणून लगेच चित्र बदलू नका, निदान आठवडाभर तेच चालू द्या.

वय झालेल्यांनी किंवा कंबर ताठर असलेल्यांनी वळताना डावी टाच उचलू द्यावी. निक्लॉसचीही उचलायची. कळ येईल तिथेच थांबा, आणि मनातल्या चित्रातही तेवढंच वळा.