पावलाचं वय मुलांना असं शिकवा

अमेरिकेत माणूस पहिल्यांदा कधी पोचला, हे सहावीच्या मुलांना शिकवताना मी नकाशाआधी चिखल घेते. आमच्या गोव्यातल्या माशेलात आषाढात चिखलकालो, म्हणजे चिखलात खेळायचा उत्सव असतो, त्यामुळे चिखलात पाय घालायला कुणाला आग्रह करावा लागत नाही.

पसरट घमेल्यात शेतातला चिकट गाळ भरा, वर नाचणी पेरा, पुन्हा चार बोटं गाळ. आता एका मुलाला त्यात पाय रोवून सरळ उचलायला सांगा. टाच खोल रुतते, बोटांच्या फटीतून गाळ वर येतो. हे सगळ्यांना जवळून बघू द्या. मग ठशात बारीक रेती भरा, वर मोहरी आणि गाळाचा पातळ थर. जरा आळलं की सुरीने उभं कापा. खाली नाचणी, मध्ये रेतीचं पाऊल, वर मोहरी. ठशाला स्वतःचं वय नसतं. पण तो नाचणीनंतरचा आणि मोहरीआधीचा, हे मुलंच सांगतात.

न्यू मेक्सिकोत व्हाइट सँड्सला जुन्या सरोवराकाठी हेच सापडलं. माणसांच्या पावलांच्या खालच्या-वरच्या थरांत रुपिया या पाणवनस्पतीच्या बिया होत्या. मेलेल्या जिवातला कार्बन-14 ठरावीक वेगाने घटत जातो, त्यावरून त्यांचं वय 21,000 ते 23,000 वर्षं निघालं. 2021 मध्ये ते जाहीर झालं. त्याआधी कित्येक दशकं क्लोव्हिस नावाच्या संस्कृतीची सुमारे 13,000 वर्षांपूर्वीची दगडी भाल्यांची टोकं हाच अमेरिकेतल्या माणसाचा सर्वांत जुना पुरावा मानला जाई. व्हाइट सँड्सची बरीच पावलं लहान आणि किशोरवयीन मुलांची आहेत, हे नक्की सांगा. वर्गाचे चेहरे खुलतात.

पुढचा भाग घाईत उरकू नका, खरा धडा तोच. पाण्यातली वनस्पती खडकांतून विरघळलेला जुना कार्बन घेते, म्हणून बी असतं त्याहून जुनं दिसू शकतं. हा आक्षेप रास्तच होता. मग संशोधकांनी जमिनीवरच्या सूचिपर्णी झाडांचे परागकण तपासले, शिवाय क्वार्ट्झच्या कणांवर शेवटचं ऊन कधी पडलं तेही मोजलं. 2023 मध्ये दोन्ही आकडे बियांशी जुळले.

पावसाळा सरला की मुलांना रिवणजवळ, कुशावतीच्या काठी पणसायमळला न्या. जांभ्यात प्राचीन काळी कोरलेले बैल तिथे उघड्यावर आहेत. वयाचा आकडा तुम्ही सांगू नका. इथे काय मिळालं तर वय काढता येईल, हे त्यांनाच विचारा. जायचं मात्र सकाळीच, दुपारी जांभा पाय भाजतो.