बागेसाठी ग्रुप करताय? मग जूनची वाट बघू नका, फेब्रुवारीत सुरू करा

दरवर्षी पहिला पाऊस पडला की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज येतोच, चला रविवारी उद्यानात झाडं लावूया, आणि लोक येतातही, अगदी मनापासून येतात, पण पुढच्या मे महिन्यात त्या रोपांकडे फिरकायला कोणी नसतं. आम्ही पुण्यात टेकडीच्या पायथ्याच्या एका उद्यानात हेच केलं होतं, पहिल्या वर्षी लावलेल्यातली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच रोपं जगली. तेव्हापासून आमचं वर्ष फेब्रुवारीत सुरू होतं आणि कुणी विचारलं की मी हेच सांगते.

सगळ्यात आधी परवानगी. उद्यान असेल तर महापालिकेचा उद्यान विभाग, टेकडी असेल तर बहुतेक वनविभाग, काय करणार आणि कुठल्या कोपऱ्यात करणार ते एका पानावर लिहून द्या आणि पोच घ्या. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे शहरात झाड तोडायलाच नाही तर फांद्या छाटायलाही परवानगी लागते, त्यामुळे "हे झाड विदेशी आहे, काढून टाकू" असं आपल्या मनाने काही करायचं नाही. आणि पत्र दिलं तरी माळीकाकांशी बसून बोलल्याशिवाय सुरुवात करू नका, नळाला पाणी किती वाजता येतं, पाणी कुठे साचतं, टिटवी कुठे अंडी घालते, हे सगळं त्यांनाच माहीत असतं.

आता फेब्रुवारी-मार्च, म्हणजे पानगळ. पिंपळ, जंगली बदाम, रेन ट्री, सगळ्यांचा खच पडतो आणि सकाळी कोपऱ्यात तो पेटवलेला दिसतो. नुसती तक्रार करून हे थांबत नाही, पानं टाकायला जागा करून द्यावी लागते. तारेची जाळी घ्या, साधारण तीन फूट व्यासाचा गोल करून उभी करा, त्यात पानं भरा, प्रत्येक फूटभर थरावर थोडं शेण कालवलेलं पाणी किंवा आंबट ताक शिंपडा आणि पायाने दाबा. ओल बरोबर आहे का ते बघायला मूठभर पानं दाबून बघायची, हाताला ओलं लागलं पाहिजे पण पाणी टपकता कामा नये. उन्हाळ्यात जाळीच्या कडेची पानं लगेच वाळतात म्हणून वरून जुनं गोणपाट टाका आणि आठवड्यातून एकदा पाणी मारा. जूनपर्यंत हे खत अर्धवटच झालेलं असतं, ते खड्ड्यात घालू नका, झाडाभोवती वरून पसरा. आणि हो, दहा-बारा पोती कोरडी पानं वेगळी भरून शेडखाली ठेवून द्या, गणपतीत लागतात, का ते पुढे सांगते.

मार्च ते मे हे पाणी देण्याचे महिने आणि खरं सांगायचं तर सगळं काम इथेच आहे. रोज तांब्याभर पाणी घातलं तर वरचीच माती भिजते आणि मुळं वरच राहतात, त्यापेक्षा आठवड्यातून एकदा दहा लिटर, तेही सावकाश. आम्ही पाच लिटरच्या कॅनला तळाशी बारीक भोक पाडून रोपाजवळ ठेवतो, अर्धा-पाऊण तास थेंब थेंब पाणी जिरत राहतं. बुंध्याभोवती तीन-चार इंच जाड पाचोळा पसरा पण खोडापासून चार बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर खोड कुजतं. प्रत्येक घराला दोन-तीन झाडं वाटून द्या, नावासकट. "सगळ्यांनी मिळून" म्हटलं की कोणीच येत नाही, आणि घरटी झाडं दिली की सुट्टीवर जातानासुद्धा माणूस शेजाऱ्याला सांगून जातो.

याच दिवसांत मुलांना घेऊन बिया गोळा करा. बहाव्याची वाळलेली शेंग मुलांच्या हातात द्या आणि फोडायला सांगा, आत एकावर एक चकत्यांसारखे कप्पे असतात, चिकट काळा गर आणि प्रत्येक कप्प्यात एक चपटी चकचकीत बी. ती बी इतकी कडक असते की तशीच पेरली तर कितीतरी दिवस काही होत नाही, पॉलिश पेपरवर एका बाजूने थोडी घासायची, रात्रभर पाण्यात ठेवायची, फुगली की पेरायची. पळसाच्या बिया मात्र ताज्याच लावा, ठेवल्या की फुकट जातात.

मे महिन्यात खड्डे, दोन बाय दोन बाय दोन फूट, आणि ते उन्हात तापू द्या. पण जागा नीट निवडा. मोकळं गवताळ रान दिसलं की तिथे झाडं लावायचा मोह होतो, ते करू नका. टिटवी आणि चंडोल अशा उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. मी एकदा खुणेची काठी रोवायला वाकले तर काठीच्या टोकापासून वीतभर अंतरावर मुरमात चार अंडी होती, टोकं आत करून मांडलेली, रंग हुबेहूब खड्यांसारखा, टिटवी डोक्यावर ओरडत होती म्हणून लक्ष गेलं. त्या पट्ट्यात आता आम्ही काहीच करत नाही.

लागवड दोन-तीन दमदार पाऊस झाल्यावरच. पिशवी ब्लेडने कापून काढा, मातीचा गोळा फुटू देऊ नका, बांबूला सुतळीने सैल बांधा. मुरमाड जागेत पळस, पांगारा, बहावा, काटेसावर, पाणी असेल तिथे अर्जुन, करंज. जागा मोठी असेल तर एक उंबर लावाच, हरियाल, म्हणजे आपला राज्यपक्षी, उंबराच्या फळांवर तुटून पडतो. आणि कोपऱ्यात लिंबू किंवा बेल, कारण नीलवंत हे जे आपलं राज्य फुलपाखरू २०१५ ला जाहीर झालं त्याच्या अळ्या याच कुळातल्या झाडांची पानं खातात. पानं कुरतडलेली दिसली की लोक लगेच फवारा मागतात, त्यांना ती अळी दाखवा, पुढचं सांगावं लागत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये माती मऊ असते तेव्हा गाजरगवत मुळासकट उपटा, फुलं यायच्या आत. हातमोजे आणि मास्क हवेतच, त्याची अ‍ॅलर्जी वाईट असते, दमा असलेल्यांनी लांबच राहा. घाणेरी मात्र एकदम साफ करू नका, तिच्या जाळीत पक्षी घरटी करतात, दरवर्षी थोडा पट्टा काढायचा आणि तिथे लगेच देशी झुडूप लावायचं.

सणांचं आधीच ठरवून ठेवा. वटपौर्णिमेच्या आधी आठवडाभर मेसेज फिरवायचा की फांद्या विकत आणू नका, बागेतल्या वडाशी या, सावित्रीची पूजा फांदीची नाही झाडाची आहे. आमच्याकडच्या आज्यांनीच हे उचलून धरलं. नंतर आठ दिवसांनी दोरे सोडवा, नायलॉनचा असेल तर तो कुजत नाही आणि खोडाला काचतो. गणपतीत निर्माल्यासाठी दोन पिंप ठेवा, प्लास्टिक, थर्माकोल, दोरे बाजूला काढायला दोन माणसं उभी करा, आणि इथे ती मार्चमधली पोती उघडायची. नुसती ओली फुलं एका दिवसात वास मारतात, एक थर फुलं, दोन थर कोरडी पानं, असं केलं की वास येत नाही आणि खतही चांगलं होतं. दसऱ्याला आपट्याबरोबर कांचनसुद्धा ओरबाडला जातो, त्या दोन दिवसांत झाडांशी पहारा लागतोच.

५ ते १२ नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सालिम अलींच्या वाढदिवसापर्यंत. नवीन लोकांना जोडायला हा आठवडा सगळ्यात चांगला, हवा छान असते आणि स्थलांतरित पक्षी आलेले असतात. सकाळी साडेसहाला जमा, दहा-बारा जणांपेक्षा जास्त नको, कॅमेऱ्यापेक्षा वही आणा. घरट्याचे फोटो काढायचे नाहीत, मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज लावून त्यांना बोलवायचं नाही. फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस जगभर पक्षीगणना असते, निदान पंधरा मिनिटं एका जागी उभं राहून दिसले तेवढे पक्षी मोजायचे आणि ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर टाकायचे, शाळेतली मुलं हे आपल्यापेक्षा नीट करतात.

संक्रांत झाली की १५ आणि १६ जानेवारीला मांजा गोळा करायची मोहीम ठेवा. नायलॉन मांजावर २०१७ पासून हरित लवादाची बंदी आहे तरी झाडांवर तो लटकलेला असतोच. लांब बांबूला आकडा बांधून काढा, काढला की तिथेच कात्रीने छोटे तुकडे करा आणि मगच कचऱ्यात टाका, नाहीतर डेपोवर पुन्हा कुणाच्या तरी पायात अडकतो. अडकलेला पक्षी असेल तर मांजा ओढू नका, दोन्ही बाजूंनी कापा, पक्षी भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा, चोचीत पाणी ओतू नका, खोकं अंधारात ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा. खोकी आणि कात्र्या आदल्या दिवशीच बागेच्या गेटवर आणून ठेवलेल्या बऱ्या.