क्षमताधिष्ठित मनुष्यबळ व्यवस्थापन : सुरुवात एका पदापासून करावी

भरती, प्रशिक्षण आणि मूल्यमापन त्या त्या पदाला लागणाऱ्या क्षमतांवर बेतणारी क्षमताधिष्ठित पद्धत कंपनीत आणायचे ठरले की पहिली चूक बहुधा यादीपासूनच होते. नेतृत्व, संघभावना, ग्राहकाभिमुखता असे दहाबारा शब्द सल्लागाराकडून तयार मिळतात, ते अप्रेझलच्या, म्हणजे वार्षिक कामगिरी मूल्यमापनाच्या, फॉर्मात रकाने होऊन बसतात आणि मार्चअखेरीस प्रत्येकापुढे पाचपैकी साडेतीन गुण पडतात. वास्तविक क्षमता म्हणजे त्या पदाचे काम उत्तम करणाऱ्या माणसाच्या वागण्यात दिसणारी गोष्ट, आणि ती त्या माणसाकडूनच समजून घ्यावी लागते. परीक्षेतील गुणांवरून कामातील यशाचा अंदाज बांधण्यावर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९७३ साली टीका केली, तेव्हा त्यांचाही रोख याच दिशेने होता.

म्हणून प्रथम एकच पद निवडावे. चाकणच्या एखाद्या वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात ते शिफ्ट सुपरवायझरचे असू शकेल, कारण रिजेक्शन (तपासणीत नाकारला जाणारा माल), वेळेवर माल जाणे आणि कामगारांची हजेरी या तिन्ही गोष्टी त्याच्यापाशी येऊन मिळतात. उत्तम काम करणारे चारपाच आणि साधारण काम करणारे तितकेच सुपरवायझर निवडावेत. मात्र ही निवड साहेबांच्या मर्जीवर न सोडता आकड्यांवरून करावी आणि कोण कोणत्या गटात आहे हे मुलाखत घेणाऱ्याला कळू देऊ नये. प्रत्येकाला गेल्या सहा महिन्यांत काम अडल्याचा एक प्रसंग सांगायला लावावा, आणि आधी काय केले, कोणाला कळवले, त्या वेळी मनात काय होते, हे खोदून विचारावे. ‘तुम्ही काय कराल?’ हा प्रश्न टाळावा, कारण त्याचे उत्तर सगळ्यांना पाठ असते.

फरक अशा प्रसंगांत उघडा पडतो. मशीन बंद पडल्यावर एक जण मेंटेनन्सला फोन करून वाट पाहतो. दुसरा तोवर माणसे दुसऱ्या मशीनवर हलवतो आणि किती नग कमी पडतील हे प्लॅनिंगला लगेच सांगतो. हे दुसरे वागणे तीनचार पायऱ्यांत, कारखान्यातल्याच शब्दांत लिहून काढावे. एका पदाला सहासात क्षमता पुरेशा होतात. गंमत अशी की शॉप फ्लोअरवरच्या फळ्यावर चार भागांच्या वर्तुळांचा स्किल मॅट्रिक्स, म्हणजे कोणाला कोणते काम कितपत येते हे दाखवणारा तक्ता, अनेकदा आधीच टांगलेला असतो. एचआर विभागाने तोही जरूर वाचावा.

तयार झालेला आराखडा आधी भरतीत आणि प्रशिक्षणात वापरावा. भरतीत दोन मुलाखतकारांनी सर्व उमेदवारांना तेच प्रश्न विचारावेत आणि आपापसांत बोलण्यापूर्वी स्वतंत्रपणे गुण लिहावेत. पगारवाढ मात्र निदान पहिले वर्षभर याला जोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पैसा आला की माणूस आपली उणीव झाकतो आणि मग नेमके काय शिकवायचे हेच कळेनासे होते.

केंद्र सरकारच्या २०२० साली मंजूर झालेल्या मिशन कर्मयोगी या सरकारी कर्मचाऱ्यांच्या क्षमतावाढीच्या कार्यक्रमातही भूमिका, तिच्यातील कामे आणि त्यांना लागणाऱ्या क्षमता अशी मांडणी आहे. लहान कंपनीलाही हा क्रम उपयोगी पडतो, मात्र लाइनवर रोबो आला किंवा ग्राहक बदलला, तर त्या पदाच्या मुलाखती पुन्हा घ्याव्या लागतात.