गावच्या जैवविविधता नोंदवहीत या चुका टाळा

जखम भरून येण्यासाठी हळद लावण्याचं पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. या संस्थेने पेटंटला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. मराठी माणूस ही लढाई अजून अभिमानाने सांगतो. पण ती जिंकली ती ‘आमच्या आजीला हे ठाऊक होतं’ या बोलण्यावर नाही, तर कागदावर. जुने ग्रंथ होते, १९५३ सालचा एका वैद्यकीय नियतकालिकातला लेख होता.

पुढे पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय झालं, आणि तिथेच पहिली चूक सुरू होते: ‘आपलं सगळं दिल्लीत नोंदलेलं आहे’ असं समजून गावं निवांत बसतात. त्या ग्रंथालयात मुख्यतः आयुर्वेद, युनानी, सिद्ध अशा ग्रंथबद्ध परंपरांचं ज्ञान आहे. शहापूर-मुरबाडकडच्या ठाकर-कातकरी बायकांना जे तोंडपाठ आहे, ते कुठल्या पोथीत सापडणार? त्याची जागा लोक जैवविविधता नोंदवहीत. २००२ च्या जैवविविधता कायद्याने ती गावातल्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोकांसोबत बसून लिहायची असते.

बसल्या जागी नोंदवही भरणं

सगळ्यात मोठी चूक हीच. हरित न्यायाधिकरणाने नोंदवह्या पूर्ण करायला ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, नाहीतर राज्याला महिन्याला १० लाख रुपये भरावे लागणार होते. मग घाई झाली. मी चाळलेल्या एका नोंदवहीत दोन पानांवर भलत्याच गावाचं नाव तसंच राहिलं होतं. शेवळ्यापुढे तीनच शब्द: ‘रानभाजी, पावसाळा, खाद्य’.

त्याच गावातल्या एका मावशींकडे आम्ही पुन्हा जाऊन बसलो. त्यांनी वरचं आवरण सोललं, आतला पिवळा भाग बोटाने काढून बाजूला टाकला. “हा राहिला का घसा धरतो,” म्हणाल्या. “आन् काकडं नसली तर शेवळं आणायचीच नाहीत.” काकडाची आंबट फळं घातली की खाज मरते. पहिल्या पावसाच्या सुमारास शेवळं कुठल्या उतारावर उगवतात आणि पुढच्या वर्षासाठी कंद जमिनीतच का ठेवायचा, हेही त्यांनी सांगितलं. नोंद म्हणतात ती ही. सांगणाऱ्याचं नाव आणि तारीखही तिच्या संमतीने तिथेच लिहा.

सगळंच उघड लिहून टाकणं

शेवळ्याची भाजी घरोघरी ठाऊक आहे, ती लिहायला हरकत नाही. पण वैदूचं औषध वेगळं. कुठली मुळी, किती, कशासोबत, हे त्याच्या परवानगीशिवाय लिहू नका, आणि मोबाइलवर चित्रीकरण करून गटात तर मुळीच टाकू नका. एकदा उघड झालं की दुसऱ्याचं पेटंट अडवायला ते कामी येईल, पण वैदूचा मोबदला मागण्याचा आधार कमकुवत होतो. ‘हे ज्ञान अमुक घराण्याकडे आहे’ एवढीच नोंद करा आणि तपशील गोपनीय ठेवायचा आहे असं समितीला लेखी कळवा.

बियाणं नुसतंच हातावर देणं

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी निवड करून एचएमटी भात घडवला. तो दूरदूर पसरला, पण त्यांच्या पदरात त्या मानाने फार थोडं पडलं. हे आठवलं की आजही वाईट वाटतं. कुणी वाण मागायला आलं, तर कुणाला, किती, कशासाठी दिलं याची सहीनिशी पोच घ्या. पीक वाण आणि शेतकरी हक्कांच्या २००१ च्या कायद्याखाली शेतकऱ्याला आपला वाण नोंदवता येतो आणि त्यासाठी शुल्क माफ आहे. भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून बियाणं सुरक्षित झालं असं धरू नका. आजरा घनसाळ या भाताला मानांकन आहे, पण त्याने जपलं जातं ते नाव. वाण टिकतो तो पेरणाऱ्यामुळे.

नोंदवही आधीच चुकीची भरली असेल, तर घाबरायचं कारण नाही, ती कधीही सुधारता येते. ग्रामसभेत मोठ्याने वाचा, बायकांना पुढे बसवा. ‘हे झाड आपल्या शिवारात कुठाय?’ असा पहिला प्रश्न आला की तिथे खूण करा. आणि हिरडा-बेहडा न्यायला व्यापारी आला, तर समितीला त्याच्याकडून शुल्क घेण्याचा अधिकार आहे, हेही त्याच सभेत सांगा.