वायररोपच्या टोकाला क्लॅम्प लावताना या चुका टाळा

उन्हाळा लागला की कोरडवाहू भागात विहिरींची कामे निघतात आणि काठाकाठावर यारी, म्हणजे दगडमाती वर ओढणारे यंत्र, उभी राहते. यारीचे इंजिन, ड्रम आणि ब्रेक यांच्याकडे मालक बारकाईने पाहतो, पण दगडमातीने भरलेला डबा वायररोपचे, म्हणजे पोलादी तारांच्या दोराचे, टोक वळवून केलेल्या ज्या आयला (फाशाला) लटकतो, ती आय कोणी, कशी आणि कोणत्या क्लॅम्पने केली याची चौकशी क्वचितच होते. बांधकामावरची मालवाहू लिफ्ट, होर्डिंगचे ताण, शेडचे ब्रेसिंग अशा सगळ्याच ठिकाणी मला त्याच त्या चुका वारंवार दिसतात. त्या अज्ञानापेक्षा घाईने अधिक होतात, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण क्लॅम्प नीट लावण्याला उलटा लावण्यापेक्षा अर्धा तासही जास्त लागत नाही.

एक गोष्ट आधी समजून घेतली पाहिजे. यू-बोल्टचा क्लॅम्प, ज्याला बाजारात बुलडॉग क्लॅम्प म्हणतात, तो दोराला केवळ दाबून धरतो. दोन दोरांमधले आणि दोर व क्लॅम्प यांमधले घर्षण हाच त्याचा सगळा आधार असतो. दाब कमी झाला की पकड गेली, आणि दाब चुकीच्या जागी पडला की दोर गेला. सर्व काही बरोबर केले तरीसुद्धा २२ मिलिमीटरपर्यंतच्या दोरावर अशा आयची ताकद मूळ दोराच्या सुमारे ८० टक्केच धरतात. म्हणजे ज्या दोराचा तोडभार ८ टन आहे, त्याची क्लॅम्प लावलेली आय ६.४ टनांचीच समजायची आणि सुरक्षित भार काढण्यासाठीचा भागाकार त्यानंतर करायचा. थेट ८ टनांवर हिशेब मांडणारे पुष्कळ भेटतात.

बैठक उलट्या बाजूला लावणे

ही चूक मला सर्वांत जास्त खटकते, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो. क्लॅम्पचे दोन भाग असतात: एक गोल यू-बोल्ट आणि दुसरी खाचा पाडलेली बैठक. बैठकीच्या खाचा दोराच्या लडींना, म्हणजे तारा पिळून केलेल्या पेडांना, सामावून घेतात, त्यामुळे तिथे दाब पसरतो. यू-बोल्टचा गोल गज मात्र अरुंद रेषेत टेकतो आणि तिथल्या तारा चेपतो. म्हणून बैठक नेहमी भार घेणाऱ्या लांब दोरावर आली पाहिजे आणि यू-बोल्ट वळवून आणलेल्या मोकळ्या टोकावर. थिंबलपासून (आयच्या आत बसवलेल्या खोबणीच्या धातूच्या कड्यापासून) परत येणाऱ्या दोरावर भाराचा फार तर अर्धा हिस्सा येतो आणि प्रत्येक क्लॅम्पगणिक तो घटत जातो. त्यामुळे तिथे पडलेला चट्टा सहन होतो. लांब दोरावर मात्र पूर्ण भार असतो आणि तिथे दोर चेपला, तर संपूर्ण दोराची ताकद त्या एका चट्ट्याएवढीच उरते.

काही वर्षांपूर्वी दुष्काळी पट्ट्यातल्या एका विहिरीवर ब्रेकचे लायनर बदलण्यासाठी मला बोलावले होते. विहीर सत्तर फुटांच्या आसपास गेली होती आणि तळाशी माणसे सुरुंगाची भोके मारत होती. लायनर बसवून झाल्यावर सवयीने मी डब्याकडे पाहिले. आयला तीन क्लॅम्प होते आणि त्यांची तोंडे आलटून पालटून होती: पहिला एका बाजूने, मधला दुसऱ्या बाजूने, तिसरा पुन्हा पहिल्यासारखा. मी विचारले तेव्हा यारी चालवणारा गडी पूर्ण विश्वासाने म्हणाला, "मिस्त्री, एक इकडनं आन् एक तिकडनं लावला म्हंजे दोन्ही दोर सारखेच दाबत्यात." हा समज त्याचा एकट्याचा नाही. दिसायला ही मांडणी नीटनेटकी वाटते, त्यामुळे ती एकाकडून दुसरा शिकतो आणि कोणी शंका घेत नाही.

मी तळातल्या माणसांना शिडीने वर यायला लावले आणि त्याच्यासमोरच तिन्ही क्लॅम्प सोडले. उलट्या लावलेल्या दोन क्लॅम्पखाली भाराच्या दोरावर नखाच्या आकाराचे खोल चट्टे पडले होते. तिथली एक लड अगदी चपटी झाली होती, तिच्यातल्या पाच तारा तुटून वर आल्या होत्या, आणि दोर वाकवताच चट्ट्यातून तांबूस भुकटी खाली पडली. क्लॅम्प जागेवर असताना यातले काहीही बाहेरून दिसत नव्हते. त्याच दोरावर सकाळपासून दगडाचे डबे वर येत होते आणि प्रत्येक डब्याखाली माणसे उभी होती. यारीच्या मालकाने आधी "आजचा दिवस काढू" असे सुचवले. मी तो दोर चट्ट्यांच्या वरून कापून टाकेपर्यंत तिथून हललो नाही. अशा वेळी मालकाशी वाईटपणा आला तरी तो घ्यावा.

तेव्हापासून मी शिकाऊ मुलांना क्लॅम्पला हात लावण्याआधी भाराच्या दोरावर खडूने एक लांब रेघ ओढायला सांगतो. सगळ्या बैठका त्या रेघेवर आल्या पाहिजेत आणि सगळे नट एकाच बाजूला दिसले पाहिजेत. लावण्याचा क्रमही ठरलेला आहे. पहिला क्लॅम्प मोकळ्या टोकाजवळ, टोकापासून एका बैठकीच्या रुंदीएवढे अंतर सोडून लावावा आणि पूर्ण आवळावा. दुसरा थिंबलला जवळजवळ भिडवून लावावा, पण त्याचे नट ढिलेच ठेवावेत. उरलेले क्लॅम्प या दोहोंमध्ये समान अंतरावर घालावेत, हलका ताण देऊन दोरातली ढिलाई काढावी आणि मगच सर्व नट आवळावेत. एका क्लॅम्पचे दोन्ही नट आळीपाळीने, थोडे थोडे फिरवावेत, नाहीतर बैठक तिरपी बसते आणि तिची एकच कड दोरात रुतते.

पहिल्या भारानंतर पुन्हा न आवळणे

नवा दोर भार घेतल्यावर किंचित लांबतो आणि बारीक होतो, विशेषतः त्याचा गाभा तागाचा असेल तर अधिक. दोर बारीक झाला की नट जागचा न हलतासुद्धा क्लॅम्पचा दाब घटतो. म्हणून पहिला भार उचलून खाली ठेवल्यावर सर्व नट पुन्हा त्याच मापाने आवळणे हा आय करण्याच्या कामाचाच भाग आहे. बहुतेक जण इथेच काम संपले असे समजून पाने गुंडाळतात. पहिल्याच दिवशी हे नट तपासले, तर प्रत्येक नट थोडाफार फिरतो. ज्यांना पटत नाही त्यांनी स्वतः पाना लावून पाहावे. पुढेही धक्के आणि थरथर असलेल्या कामावर मी दर आठवड्याला पाना फिरवतो.

आवळण्याचे माप ही आणखी एक दुर्लक्षित बाब आहे. "जीव लावून आवळा" हे माप नव्हे. अंगाने दणकट असलेला गडी छोट्या क्लॅम्पचे आटे सोलतो आणि दमलेला गडी मोठा क्लॅम्प ढिला ठेवतो. शिवाय सगळ्या क्लॅम्पना एकच तक्ता लागू होत नाही. अमेरिकन पद्धतीच्या फोर्ज केलेल्या (तापवून ठोकून घडवलेल्या) अर्ध्या इंची क्लॅम्पसाठी ६५ फूट-पाउंड, म्हणजे सुमारे ८८ न्यूटन-मीटर, आणि किमान तीन क्लॅम्प सांगितलेले असतात, आणि ते माप कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी असते. युरोपीय मानक ईएन १३४११-५ मात्र १३ मिलिमीटरच्या क्लॅम्पसाठी ३३ न्यूटन-मीटर आणि चार क्लॅम्प सांगते, आणि तिथे आटे वंगण लावलेले असावेत अशी अट आहे. एका तक्त्यातला आकडा दुसऱ्या जातीच्या क्लॅम्पला लावला, तर एकतर पकड अपुरी पडते किंवा बोल्ट ताणला जातो. ज्या उत्पादकाचा क्लॅम्प घेतला, त्याचाच तक्ता मागून घ्यावा, आणि जो दुकानदार तक्ता देऊ शकत नाही त्याच्याकडून भार उचलण्यासाठीचे क्लॅम्प घेऊ नयेत.

टॉर्क रेंच, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पाना, नसल्याची सबब मला मान्य नाही. पान्यावर नटाच्या मध्यापासून बरोबर एक फुटावर खूण करावी, तिथे कांद्याची पोती तोलण्याचा लटकता काटा अडकवावा आणि पान्याला काटकोनात ओढावे. काट्यावर २९ ते ३० किलो दिसले की ६५ फूट-पाउंड झाले. मी टॉर्क रेंच असतानाही गड्यांना एकदा असे करायला लावतो, कारण त्यामुळे किती जोर म्हणजे पुरेसा जोर, हे त्यांच्या हाताला कळते.

माप चुकणे

आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात दोर सुतात मागतात आणि मिलिमीटरमध्ये मिळतो. चार सूत म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर, पण चार सुती म्हणून हातात पडणारा दोर कधी १२ मिलिमीटरचा असतो, कधी १३ चा. त्यावर पाच सुती क्लॅम्प "जरा मोठा बरा" म्हणून घातला, की यू-बोल्ट पूर्ण दाबला जाण्याआधीच आटे संपतात. नट घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण तो दोरावर नसून आट्यांच्या शेवटाला लागलेला असतो. क्लॅम्प दोराच्याच मापाचा हवा, लहान नको आणि मोठाही नको. दोर मोजताना व्हर्नियरचे (जाडी मोजण्याच्या मापकाचे) जबडे समोरासमोरच्या दोन लडींच्या उंचवट्यांवर टेकवावेत. लडींच्या मधल्या सपाट भागावर मोजले तर माप कमी येते.

क्लॅम्पची संख्या दोराच्या जाडीबरोबर वाढते, आणि वळवलेल्या टोकाची लांबीही. वर सांगितलेल्या अर्ध्या इंची अमेरिकन क्लॅम्पच्या आयला थिंबलपासून परत येणारे टोक साडेअकरा इंच, म्हणजे सुमारे २९ सेंटिमीटर असावे लागते. पाऊण इंची दोराला चार क्लॅम्प आणि १८ इंच लागतात. दोर वाचवण्यासाठी टोक आखूड ठेवणारे लोक एक फूट दोराच्या किमतीसाठी डब्याखालच्या माणसाचा जीव टांगणीला लावतात.

धातूकडेही पाहावे. भार उचलण्यासाठी फोर्ज केलेलेच क्लॅम्प हवेत. ओतीव बैठकीचे स्वस्त क्लॅम्प कुंपण, कठडा, वेलींचा मांडव अशा हलक्या कामासाठी ठीक आहेत; ताण वाढला की ओतीव बैठक वाकण्याऐवजी तडकू शकते. चांगल्या क्लॅम्पच्या बैठकीवर उत्पादकाची खूण आणि माप उठवलेले असते. बुलडॉग ग्रिपसाठी आयएस २३६१ हे भारतीय मानक आहे, आणि बिलावर त्याचा उल्लेख मागण्यात संकोच करण्याचे कारण नाही. सळई वाकवून आणि पट्टीला भोके पाडून गावातच बनवलेले क्लॅम्प मी हातात पडताच भंगारात टाकतो.

लहानसहान वाटणाऱ्या चुका

थिंबलशिवाय आय करू नये. दोर थेट शॅकलच्या (पिनने बंद होणाऱ्या यू आकाराच्या कडीच्या) पिनवर वळला की आतल्या बाजूने चेपतो आणि तारा तुटू लागतात. प्लास्टिकचे आवरण असलेल्या दोरावर क्लॅम्प लावायचा असेल, तर तेवढ्या भागातले आवरण आधी काढावे, कारण आवरणच सरकते. दोन दोर शेजारी ठेवून त्यावर क्लॅम्प मारून जोड देऊ नये. दोन्ही टोकांना थिंबलच्या स्वतंत्र आय करून त्या एकमेकींत किंवा शॅकलने अडकवाव्यात. बैठकीच्या खाचा साधारणपणे उजव्या पिळाच्या दोरासाठी पाडलेल्या असतात, त्यामुळे डाव्या पिळाचा दोर त्यांत बसत नाही. एकाच आयवर दोन वेगळ्या बनावटीचे क्लॅम्प मिसळू नयेत. यारीचा डबा वर येताना क्लॅम्प कप्पीवर आदळणार नाही, अशा बेताने दोरावर ठळक रंगाची खूण करून चालकाला तिथे थांबण्याची सवय लावावी.

जिथे हा क्लॅम्प लावूच नये

माणसे वरखाली नेणाऱ्या दोराला यू-बोल्टच्या क्लॅम्पची आय मी कोणत्याही परिस्थितीत करून देत नाही. मुळात यारीच्या डब्यातून माणूस उतरवूच नये, त्यासाठी शिडी असावी, हे मी प्रत्येक विहिरीवर सांगतो आणि बहुतेक ठिकाणी ते ऐकले जात नाही. त्याचप्रमाणे रोज वापरायच्या स्लिंगला (माल बांधून उचलण्याच्या आखूड दोराला) क्लॅम्प लावून आय करू नये. स्लिंग कधी ताणलेली, कधी ढिली पडलेली असते, तिच्यावरचे क्लॅम्प सतत सैल होतात आणि कोणाचे लक्ष जाण्याआधी ती सुटते. कारखान्यात धातूची बाही दाबून केलेली आय थोडी महाग पडते, पण तिथे तीच योग्य आहे.

आय घसरल्याचा संशय आला तर

प्रत्येक नवी आय झाल्यावर शेवटच्या क्लॅम्पच्या लगेच बाहेर, मोकळ्या टोकावर मी पिवळ्या ऑइल पेंटचा पट्टा ओढतो. पट्टा आणि क्लॅम्प यांची कड जुळलेली असली पाहिजे. पट्टा क्लॅम्पच्या आत ओढला जाऊ लागला, किंवा थिंबल ढिले होऊन खुळखुळू लागले, की टोक घसरते आहे हे नक्की समजावे. अशा वेळी नुसते नट आवळून काम पुढे रेटण्याचा मोह सर्वांनाच होतो, आणि तोच घातक ठरतो, कारण घसरताना दोराच्या बाहेरच्या तारा खरवडल्या गेलेल्या असतात आणि क्लॅम्पचे आटे ताणलेले असू शकतात. भार जमिनीवर टेकवावा, खालच्या माणसांना बाहेर काढावे आणि सर्व क्लॅम्प सोडावेत. दोर कापडाने पुसून पाहावा, आणि चेपलेला किंवा खरवडलेला भाग संपेल तिथून तो कापून टाकावा. कापण्याआधी कापाच्या दोन्ही बाजूंना बारीक तारेचे घट्ट वेढे द्यावेत, नाहीतर पीळ सुटतो. नवी आय नव्या क्लॅम्पनीच करावी, आणि सोडलेल्या क्लॅम्पचे यू-बोल्ट करवतीने कापूनच भंगारात टाकावेत, कारण अखंड राहिलेला जुना क्लॅम्प दुसऱ्या दिवशी कोणीतरी उचलून दुसऱ्या डब्याला लावतोच.