व्हीएस कोडमधले प्रोजेक्ट: आहे त्यात भागवायचं की एक्स्टेन्शन टाकायचं?

माझ्या लॅपटॉपवर ‘बॅकएंड’ नावाची तीन फोल्डरं होती, तीन वेगवेगळ्या क्लायंटची. एका सकाळी नौपाड्यातून निघून महापेला पोचायचं होतं. ठाण्याची पनवेल गाडी सुटायच्या आत एक दुरुस्ती उरकावी म्हणून व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमध्ये कंट्रोल-आर दाबलं, अलीकडे उघडलेल्यांच्या यादीतलं पहिलं ‘बॅकएंड’ उघडलं आणि महापेवाल्यांच्या जीएसटीचा हिशेब साडीच्या दुकानाच्या कोडमध्ये लिहून पुशही केला, म्हणजे सर्व्हरवर चढवला. ऐरोली येईपर्यंत दुकानातून फोन.

मी लगेच एक्स्टेन्शन, म्हणजे एडिटरला वरून जोडायची सोय, शोधायला बसले. चुकलंच. माझा त्रास प्रोजेक्ट सापडत नाही हा नव्हता, उघडलेला कुठला ते कळत नाही हा होता. त्याला व्हीएस कोड स्वतःच पुरतो.

फोल्डर उघडा, ‘फाइल’ मेनूतून ‘सेव्ह वर्कस्पेस अ‍ॅज’ करा आणि क्लायंटच्या नावाने जतन करा. तयार होते ती साधी जेसन (सेटिंग्ज मजकुरात लिहायची) फाइल: कुठली फोल्डरं एकत्र उघडायची ती यादी आणि फक्त त्या कामापुरत्या सेटिंग्ज. बॅकएंड (सर्व्हरकडचा कोड), फ्रंटएंड (वापरणाऱ्याला दिसणारा भाग) वेगळ्या रेपोत, म्हणजे गिटने बदलांची नोंद ठेवलेल्या फोल्डरांत, असतील तर दोन्ही एकाच खिडकीत येतात. मग कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून वर्कस्पेसच्या सेटिंग्जची जेसन उघडा आणि ‘वर्कबेंच डॉट कलरकस्टमायझेशन्स’मध्ये ‘टायटलबार डॉट अ‍ॅक्टिव्हबॅकग्राउंड’ला, म्हणजे खिडकीच्या वरच्या पट्टीला, रंग द्या. साडीवाले मरून, महापे हिरवा. आता खिडकी बघितली की कळतं. (ही फाइल रेपोत टाकलीत तर तुमचा मरून सगळ्यांच्या माथी, हे आधी विचारून घ्या.)

सहा-सात कामं होती तोवर एवढ्यावर छान चाललं. जुन्या क्लायंटची देखभाल धरून आकडा विशीत गेला, तेव्हा मात्र अलेस्सांद्रो फ्राग्नानी यांचं ‘प्रोजेक्ट मॅनेजर’ टाकलं. त्याला मूळ फोल्डर दाखवलं की आतले गिट रेपो ते स्वतः शोधतं. जतन केलेल्या प्रोजेक्टला टॅग लावता येतात. मी ‘चालू’, ‘देखभाल’ आणि ‘पैसे बाकी’ असे तीन ठेवलेत. तिसरा सगळ्यात जास्त उघडला जातो.

दोन्हींत एक फरक ध्यानात ठेवा. वर्कस्पेसची फाइल सहकाऱ्याला देता येते. रेपोंची मांडणी सारखी ठेवली आणि पाथ रिलेटिव्ह (त्या फाइलच्या जागेपासून मोजलेले) असले तर त्याच्याकडे तशीच उघडते. एक्स्टेन्शनची यादी तुमच्या मशीनवरची, तुमच्या सोयीची. फोल्डर हलवलंत तर ‘एडिट प्रोजेक्ट्स’मध्ये जाऊन पाथ हाताने बदलावा लागतो. म्हणून टीमला लागेल ते मी वर्कस्पेसमध्ये लिहिते आणि एक्स्टेन्शनमध्ये त्या वर्कस्पेसच जतन करते. उद्या ते काढून टाकलं तरी जाईल ती यादी, काम नाही.

आणि हो, ती तीन ‘बॅकएंड’ फोल्डरं. त्यांची नावं बदलायला दहा मिनिटंही लागली नसती. अजून बदललेली नाहीत.