हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पावसातच गाठा

पंढरपूर, माळशिरस, माढ्याच्या ऊसपट्ट्यात हुमणीवर, म्हणजे मातीत राहून उसाची मुळं खाणाऱ्या पांढऱ्या अळीवर, पैसा जातो तो ऑगस्ट-सप्टेंबरात, ऊस पिवळा पडून उपटला की हातात येऊ लागल्यावर. तोवर अळी मोठी होऊन मुळांत बसलेली असते. ओतलेलं औषध तिच्यापर्यंत धड पोचत नाही. तिचा बंदोबस्त मे-जूनमध्ये, ती भुंगेरा, म्हणजे अंडी घालणारा प्रौढ कीटक, असतानाच स्वस्तात होतो.

वळवाचा पहिला दमदार पाऊस झाला की भुंगेरे दिवस मावळल्यावर, सात-साडेसातच्या सुमारास मातीतून निघतात आणि बांधावरच्या कडुलिंबावर, बाभळीवर, बोरीवर जमतात. तिथंच मिलन, तिथंच रात्रभर पाला खाणं. उजाडायच्या आत परत मातीत. त्यामुळे दिवसा झाड निवांत दिसतं, पण पानांच्या कडा कुरतडलेल्या असतात.

झाडाखाली ताडपत्री अंथरा आणि आठ-साडेआठला, भुंगेरे खाण्यात गुंतले की, आकडीने फांद्या जोरात हलवा. पडलेले लगेच गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाका: 10 लिटर पाण्याला अर्धा लिटर रॉकेल. नुसत्या पाण्यातून ते वर चढून उडतात. एका झाडावर सरासरी 20 भुंगेरे सापडले तर धोका पक्का समजा. पहिल्या पावसानंतर हे रोज करायचं, आणि शेजाऱ्यांनीही करायचं. एकट्याचं झाड साफ करून भागत नाही, भुंगेरे बांध ओळखत नाहीत. प्रकाश सापळा लावलात तर रात्री दहाला बंद करा, नाहीतर मित्रकीटकही मरतात.

उशीर का नको? एक मादी 50-60 अंडी जमिनीत घालते. दहा-पंधरा दिवसांत अळी निघते. ती सुरुवातीला कुजका काडीकचरा आणि शेणखत खाते, मग कोवळ्या मुळांकडे वळते. कच्चं शेणखत टाकणं म्हणजे तिला आयतं जेवण. खत पूर्ण कुजवूनच टाका, आणि त्यातून एकरी 8 किलो मेटारायझियम (हुमणीला मारणारी बुरशी) मातीत मिसळा. ओल नसेल तर ही बुरशी वाढत नाही.

उकिरड्यातली प्रत्येक पांढरी अळी मात्र हुमणी नसते. सपाट जागेवर ठेवून बघा: पाठीवर सरकत चालली तर ती फुलभुंग्याची, कुजलेलं खाणारी. तिच्यासाठी औषध विकत आणू नका.